नवरदेव बाहेर येईपर्यंत

लग्नसराई आली की आमच्या खिडकीची काच थरथरायला लागते. लग्नं पूर्वीही होत होती, तेव्हा ती थरथरत नव्हती. धाड गावात आमचं घर मारुतीच्या देवळासमोर आहे, मध्ये फक्त रस्ता. गावात लग्न कुठल्याही घरी असो, अक्षता पडायच्या आधी नवरदेव वाजतगाजत या मारुतीच्या पाया पडायला येतो, म्हणजे माझ्या दारातच येतो. आता त्याच्यापुढं ट्रॉलीवर रचलेले भोंगे असतात, मागं जनरेटर असतो आणि मधल्या पोरांचे नुसते हात दिसतात. नवरदेव आत जातो, टिळा लावतो, बाहेर येतो, आणि तेवढ्या वेळात गाणं काही थांबत नाही. थांबायचं कारणच उरलेलं नाही. मी खिडकी लावून घेते. माझा भाचा विकास म्हणतो, आत्या, तुला दुसऱ्याचा आनंद बघवत नाही. त्याच्याशी कोण डोकं लावणार. मला राग येतो तो त्या न थांबण्याचा. पूर्वी गाणी इथं थांबायची, आणि त्या थांबण्यात एक माणूस दुसरंच काही वाजवायचा. हे आता कोणाला सांगून पटायचं नाही, पण मला सांगायचं आहे.

वीसेक वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात माझा उजवा पाय मांडीपासून प्लास्टरमध्ये होता. बुलढाण्याहून जीपने येत होते. जीप दाबून भरलेली, मी मागच्या बाजूला, आणि उतरताना पायरी चुकली. शाळेच्या परीक्षा संपत आल्या होत्या, पेपर तपासायचे राहिले होते. डॉक्टर म्हणाले, पावसाळा तोंडावर येईपर्यंत हा पाय जमिनीला लागता कामा नये. दादानं माझी खाट पुढच्या खोलीत खिडकीशी टाकली. तेवढाच तुला विरंगुळा, म्हणाला. माझं लग्न राहून गेलेलं होतं, आणि ही गोष्ट माझ्यापेक्षा गावाच्या जास्त लक्षात असायची. पाय बघायला येणाऱ्या बायका आधी प्लास्टरवरून हात फिरवायच्या, मग खिडकीबाहेर बघायच्या, मग माझ्याकडं, आणि उसासा सोडायच्या. एकीनं तर वहिनीला बाजूला घेऊन विचारलं, की सारखे सारखे नवरदेव बघून बाईंना त्रास तर होत नाही ना. त्रास होत होता. पण तो नवरदेवांचा नव्हता, बँडचा होता.

बँड तुळशीराम मास्तरांचा. आमच्या भागात त्या काळी दुसरा बँड नव्हता. मास्तर बौद्धवाड्यात राहायचे. उंच, शिडशिडीत माणूस, क्लॅरिनेट फुंकून फुंकून गालांवर दोन खोल रेघा पडलेल्या. तरुणपणी जालन्याकडच्या एका बँडमध्ये राहून शिकून आले होते. बाकीची माणसं गावातलीच, शेतात कामाला जाणारी. उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की लाल कोट चढवायची आणि वाजवायची. युफोनियम, म्हणजे तो पोटाशी कवटाळून धरायचा मोठा पितळी भोंगा, भिकाजीकडं होता. कॉर्नेट, म्हणजे आखूड ट्रम्पेट, रहीमभाईंकडं. सॅक्सोफोन मास्तरांच्या धाकट्या भावाकडं, गौतमकडं. मागं ढोल, ताशा आणि खुळखुळा.

वरात येताना नाचाची गाणी वाजायची. देवळापाशी आली की नवरदेव, करवली, मामा आणि फोटोवाला पायऱ्या चढून आत जायचे. नाचणारी पोरं घाम पुसत पाण्याच्या शोधात पांगायची. म्हातारे सावली धरायचे. बँड खालीच, रस्त्यावर, उन्हात उभा राहायचा. सावली वरच्या पायरीवर होती, पण वर या असं बँडवाल्यांना कोणी म्हटलेलं मी पाहिलं नाही. आणि मग, कोणी काही फर्माइश करत नाही असं पाहून, मास्तर भिकाजीकडं मान वळवायचे आणि ते सुरू व्हायचं.

पहिल्या दिवशी मला वाटलं, वाद्यं सुरात लावताहेत. भिकाजीचं युफोनियम खालच्या पट्टीत एकटंच चार सूर उतरायचं, थांबायचं, पुन्हा तेच चार सूर उतरायचं. मला ते ढेकर दिल्यासारखं वाटलं, खरं सांगते. मग क्लॅरिनेट यायचं, तेही उशिरा. त्याला काही शब्द नव्हते, ठेका धरावा असा ताल नव्हता, ध्रुवपद म्हणावं असं काही परत येत नव्हतं. दुपारची वेळ, पायाला प्लास्टरच्या आत खाज सुटलेली, हातात सातवीचे पेपर, आणि बाहेर हे. मी वहिनीला म्हटलं, त्या मास्तरांना सांगून ये, वाजवायचं असेल तर धड वाजवा. वहिनी म्हणाली, कशाला, आत्ता नवरदेव येईल बाहेर. आणि खरंच, नवरदेव दारात दिसला की मास्तर हात खाली करायचे, ताशा कडाडायचा आणि नाचाचं गाणं सुरू व्हायचं. मला सुटल्यासारखं वाटायचं.

सराईचे दिवस म्हणजे एका दिवसात तीन-तीन नवरदेव. एकच गोष्ट माणसाला पुन्हापुन्हा ऐकवली की एक तर तो वेडा होतो किंवा ती गोष्ट त्याची होते. माझं आधी पहिलं होईल अशी लक्षणं होती. पण एका दुपारी भिकाजी आलाच नव्हता, कुठं तरी मयतीला गेला होता. मास्तरांनी त्याच्याशिवायच सुरुवात केली आणि मी खाटेवर चक्क उठून बसले. काही तरी कमी होतं. जमीनच नव्हती त्याला. ज्याला मी ढेकर म्हणत होते त्याच्यावर बाकीचं सगळं उभं होतं, हे मला तो नसताना कळलं.

त्यानंतर मी ऐकायला लागले. ऐकायला लागले म्हणजे पेपर बाजूला ठेवायला लागले. उशिरा येतं असं मी म्हणत होते ते क्लॅरिनेट मुद्दाम उशिरा येत होतं. युफोनियमचे चार सूर दोनदा उतरून झाले की आपल्याला तिसऱ्यांदाही तेच हवं असतं, आणि नेमकं तिथं क्लॅरिनेट शिरून ते उलटं, वर घेऊन जातं. मग रहीमभाईंचं कॉर्नेट तेच म्हणतं, पण अर्धवट सोडून देतं, बोलता बोलता माणूस गप्प होतो तसं. त्या गप्प होण्यात फक्त खुळखुळा वाजत राहतो. हे मला पहिल्या आठवड्यात ऐकूच आलं नव्हतं, कारण त्याच वेळी आमच्या हौदावर पाण्यासाठी पोरांचा गलका असायचा. मी वहिनीला हौदाचं झाकण लावून ठेवायला सांगितलं. वहिनीनं माझ्याकडं असं पाहिलं की प्लास्टर आता डोक्याला घालावं लागतंय की काय.

मग माझा नवरदेवांकडं बघायचा दृष्टिकोनच बदलला. देवापुढं नुसती मान लववून बाहेर येणारे नवरदेव मला डोळ्यांसमोर नकोसे झाले. ज्याची देवावर श्रद्धा दांडगी, त्याच्या लग्नात मला दोन ओळी जास्त मिळायच्या. ज्याचा फेटा देवळात सुटायचा तो मला सगळ्यांत प्रिय. फोटोवाल्यांचे उपकार तर मी जन्मात विसरणार नाही. एका डॉक्टर नवरदेवाचे फोटो एवढे चालले, की क्लॅरिनेट हळूहळू चढत चढत एका उंच सुरावर जाऊन थांबलं, सगळी वाद्यं बंद, आणि भिकाजी, गौतम, रहीमभाई तिघांनीही वाद्यं तोंडाला लावून छाती भरून घेतली. आता काय होणार म्हणून माझाही श्वास अडकला. तेवढ्यात नवरदेव बाहेर आला. त्या ठिकाणापुढं मी कधीच गेले नाही. गावात कोणीच गेलं नव्हतं.

एका दुपारी मास्तर पाणी मागायला खिडकीशी आले. तोपर्यंत ते माझ्यासाठी रस्त्यावरचा एक लाल कोट घातलेला माणूस होते. वहिनीनं तांब्या दिला. मी विचारलं, मास्तर, ते मधलं वाजवता ते कोणत्या पिक्चरचं? त्यांनी आधी मागं वळून पाहिलं, कोणी ऐकत नाही ना म्हणून, आणि मग म्हणाले, "पिक्चरचं नाही बाई. माहं हाय."

लोकांनी विचारलं की ते जुन्या पिक्चरचं म्हणून सांगायचे. स्वतःचं आहे म्हटलं की लोक म्हणत, आमच्या लग्नात तालीम करून राह्यला का. पिक्चरचं म्हटलं की निदान माना डोलवत. ते त्यांनी कैक वर्षांपूर्वी बसवलं होतं, आणि अजून बसवतच होते. लिहिलेलं काही नव्हतं. एकेकाला वेगळं बसवून त्याचा वाटा तोंडानं गाऊन शिकवायचे, तो पाठ झाला की दुसऱ्याला. भिकाजीला रहीमभाईंचं येत नव्हतं, रहीमभाईंना गौतमचं. प्रत्येकजण आपापल्या तुकड्याचा मालक होता आणि चारी तुकडे एकत्र आले की ते गाव ज्याला गडबड म्हणत होतं ते व्हायचं.

मी विचारलं, तो वरचा सूर लागतो, त्याच्या पुढं काय आहे.

"पुढं नवरदेव हाय," मास्तर म्हणाले, आणि तांब्या परत करून गेले.

पण पुढं होतं. ते मला नंतर, थोडं थोडं करून, खिडकीतूनच कळत गेलं. तिथून शेवटपर्यंत आणखी बरंच होतं, आणि मास्तरांच्या मते तेच खरं होतं, आधीचं सगळं त्याच्यासाठीच. त्यांच्या स्वतःच्या समाजातल्या लग्नात ते वाजवता येत नव्हतं. तिथं मारुती नाही, त्यामुळं ही मधली जागाच नाही. बुद्धवंदना सुरू झाली की वाद्यं खाली ठेवायची, आणि त्याआधी नि त्यानंतर नाच. म्हणजे जिथं ते आपले होते तिथं त्यांच्या संगीताला वेळ नव्हता, आणि जिथं वेळ होता तिथं ते पायरीच्या खाली होते. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं. माझ्या मात्र ते डोक्यात जाऊन बसलं.

मी म्हटलं, मग तालमीला येते ऐकायला, प्लास्टर निघालं की. मास्तरांनी मान हलवली. तालमीत नाही, म्हणाले. तालमीत आम्हीच वाजवतो, आम्हीच ऐकतो. ते उघड्यावर, माणसांत वाजलं पाहिजे. चार पोरं रडत असली, कोणी बिडी ओढत असला, कोणाचं लक्ष नसलं तरी चालेल, पण माणसं पाहिजेत. "एक डाव पुरं वाजलं पाहिजे, बाई. मंग मनात काही राहत नाही," असं ते म्हणाले. हा हट्ट होता. मला तो तेव्हा आवडला. आता आवडत नाही.

त्या सराईच्या अगदी शेवटी, शेवटच्या मुहूर्तावर, आमच्या विकासचं, दादाच्या मुलाचं, लग्न होतं. मुलगी संग्रामपूरकडची, लग्न आमच्याच दारी ठरलेलं. माझं प्लास्टर निघालं होतं, पण पाय वाळल्या लाकडासारखा, काठी धरून उंबऱ्यापर्यंत जाता यायचं, बस. बँड अर्थातच मास्तरांचा. मी विकासला बोलावून सांगितलं, तू देवळात गेलास की मारुतीपुढं डोळे मिटून बसायचं. अधूनमधून एका डोळ्यानं खिडकीकडं बघायचं, आणि मी पदर हलवेपर्यंत उठायचं नाही. कोणी ओढलं तरी नाही. विकास हसला, म्हणाला, आत्या, मारुती ब्रह्मचारी आहे, त्याच्यापुढं एवढा वेळ बसलो तर लग्न नको म्हणायचा. पण त्यानं वचन दिलं. तेव्हा तो माझं ऐकायचा.

मास्तरांना मी आदल्या दिवशी निरोप दिला.  दुसऱ्या दिवशी बँड आला तेव्हा सगळी पितळ चिंचेनं घासून लखलखत होती, रहीमभाईंनी दाढी गुळगुळीत केली होती, आणि भिकाजीच्या कोटाला तुटलेल्या बटणाच्या जागी नवं बटण होतं. मी खिडकीच्या गजांना धरून उभी राहिले.

विकास आत गेला. डोळे मिटून बसला, खरोखर बसला. वहिनीच्या माहेरची माणसं कौतुकानं म्हणायला लागली, पोरगं किती धार्मिक आहे. बाहेर भिकाजीनं चार सूर उतरवले. त्या दिवशी मला हौदाचं झाकण लावायची गरज पडली नाही, कारण मला आता गलक्यातूनही प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येत होतं. क्लॅरिनेट आलं, उलटून वर निघालं. कॉर्नेट बोललं आणि अर्ध्यावर गप्प झालं. खुळखुळा. मग ती चढण, एकेक सूर तपासून पाय टाकावा तशी. मांडवातली माणसं कंटाळून बघायला लागली होती. मास्तर उंच सुरावर पोचले आणि थांबले. तिघांनी छाती भरून घेतली.

तेवढ्यात दादा मांडवातून तरातरा आला. घरातलं पहिलं लग्न, डोक्यावर शंभर कामं, मुहूर्ताची घाई त्यालाच जास्त. त्यानं भर रस्त्यात हात वर केला आणि म्हणाला, "हे काय रडगाणं लावलं बे? लगन हाय का मयत?"

मी खिडकीतून ओरडले, दादा, थांबवू नको. माझं कोणाला ऐकू गेलं नाही, कारण ताशा आधीच कडाडला होता. मास्तरांनी एका क्षणात हात खाली केला होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. भिकाजीनं जो श्वास भरून घेतला होता तो त्यानं नाचाच्या गाण्यात सोडला. विकास गोंधळून बाहेर आला, खिडकीकडं बघत, पदर हलला की नाही ते शोधत, आणि पोरांनी त्याला खांद्यावर घेतला.

बँडची पंगत नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या शेवटी, पातेली घासायला टाकायच्या आधी बसली. मी काठी टेकत गेले. मास्तर वरणभात कालवत होते. मी म्हटलं, मास्तर, माझ्या घरी असं व्हायला नको होतं. ते म्हणाले, दादाचं काही चुकलं नाही, लग्नात लोकायले नाचाचं असते. मग वाढप्याला त्यांनी आणखी वरण मागितलं. मी तिथं उभी राहिले, आणि मला दिसलं की मी गेल्याशिवाय ते नीट जेवणार नाहीत. म्हणून मी परत फिरले.

दादाशी मी त्या रात्री भांडले नाही, महिनाभर बोललेच नाही. त्याला कारणही कळलं नाही. त्याला वाटलं, लग्नात मला नेसवलेली साडी पसंत पडली नाही.

लग्नाची व्हिडिओ कॅसेट आली तेव्हा मला वाटलं, निदान तिथपर्यंतचं तरी त्यात असेल. सगळे जेवून बसले होते, मी टीव्हीच्या अगदी जवळ. देवळाचा भाग आला. मास्तर दिसले, त्यांचे फुगलेले गाल दिसले, भिकाजीचं नवं बटण दिसलं. आणि आवाज कोणत्या तरी पिक्चरच्या गाण्याचा होता. व्हिडिओवाल्यानं त्याच्या समजुतीनं चांगलंच काम केलं होतं; बँडची कटकट काढून तिथं छान गाणं भरलं होतं. सगळ्या लग्नांच्या कॅसेटींत तो तसंच करायचा. म्हणजे गावातल्या घराघरांत, कपाटांत, मास्तर आपलं संगीत वाजवताना दिसतात आणि ऐकू दुसरंच येतं. वहिनी म्हणाली, गाणं किती शोभून दिसतंय. मी उठून आत गेले.

पुढच्या सराईत बँड थोडा कमी बोलावला गेला. त्याच्या पुढच्या सराईत बुलढाण्याहून भोंगे आले. अशा गोष्टी एकदम होत नाहीत, म्हणून त्यांच्यावर कोणी रडत नाही. रहीमभाई वारले. भिकाजी पुण्याला मुलाकडं गेला, तिथं कुठल्याशा सोसायटीत रखवालीला बसतो म्हणे. गौतमनं सॅक्सोफोन विकून टाकला आणि पुढं त्याला ऐकायलाही येईना. मी बदली होऊन दुसऱ्या गावात गेले, निवृत्त होऊन पुन्हा याच खिडकीशी आले. मधल्या काळात मी मुद्दाम मोठं मोठं संगीत ऐकलं. टीव्हीवर, मग मोबाईलवर, पन्नास-पन्नास वाद्यांचं, कोट-टाय घातलेल्या माणसांचं. ज्यांच्या पुढ्यात हजारो माणसं श्वास रोखून बसतात आणि शेवटी उभी राहतात. चांगलं असतं ते. पण मी दर वेळी एकच गोष्ट बघते, की यांचं शेवटपर्यंत वाजतं. यांच्यात मध्येच कोणी हात वर करून येत नाही. मग मला ते पुढं ऐकवत नाही. हे चुकीचं आहे, त्या वादकांनी माझं काय बिघडवलंय, पण ऐकवत नाही.

आणि मला हेही कळतं, की मास्तरांचं ते फार थोर होतं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू. थोर की साधं, हे ठरवायला निदान चार जाणकारांनी ते पुरतं ऐकायला हवं होतं. ऐकणारी मी एकटी, तीही पाय मोडला म्हणून. पाय धड असता तर मीही त्या दुपारी पाण्याच्या शोधात पांगले असते.

या वर्षी सराई सुरू झाली आणि पहिल्याच भोंग्यांनी खिडकीची एक काच तडकली. त्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आत मी चालत मास्तरांच्या घरी गेले. दार त्यांच्या मुलानं उघडलं, मिलिंदनं. तो बुलढाण्याला नोकरीला असतो, सुट्टीला आला होता. मी कशासाठी आले ते ऐकून त्यानं मला खुर्ची दिली, चहा ठेवायला सांगितला, आणि मग शांतपणे म्हणाला, "बाई, ज्या पायरीवर माह्या बापाले पाय ठेवू देला नाही, तिच्यासमोरचं वाजवणं तुमाले गोड लागलं. आमाले नाही लागत."

त्याचं बरोबर होतं.   मास्तर आतल्या खोलीतून भिंत धरत आले, मुलाकडं हात केला, की राहू दे, आणि माझ्यासमोर बसले. फार म्हातारे झालेत. मी म्हटलं, मास्तर, मला पुढचं ऐकायचंय. आता माणसं नाहीत, मारुती नाही, नवरदेव नाही. मी आहे.

 मला वाटलं, तालमीत नाही असंच म्हणतील. मग त्यांनी मिलिंदला कपाटावरची पेटी काढायला लावली. पोरगा नाखुशीनंच उठला, पण पेटी त्यानं अगदी जपून खाली उतरवली. मास्तरांनी क्लॅरिनेटचे तुकडे जोडले, तोंडाला लावून पाहिलं, दोनदा नुसती हवा आली, तिसऱ्यांदा सूर.

मी म्हटलं, बाकीच्यांचं तुम्हाला येतं ना? तुम्हीच शिकवलंय. वरच्या सुरानंतर ते तिघं काय वाजवतात ते गाऊन दाखवा.

"तिघं एकाच टायमाले हायेत तिथं," ते म्हणाले. "येगयेगळं. एका तोंडानं तीन जनं कसे गाऊ?"

मग त्यांनी सुरुवातीपासून सुरू केलं. आधी नुसतेच बसले, मान हलवत, कारण पहिले चार सूर भिकाजीचे आहेत. ते चार सूर मला ऐकू आले. खोलीत काही वाजत नव्हतं, पण ते उतरले, थांबले, पुन्हा उतरले, आणि नेमक्या जागी मास्तरांचं क्लॅरिनेट आलं. कॉर्नेट बोललं ते मला ऐकू आलं, गप्प झालं तेही आलं. खुळखुळासुद्धा आला. त्या उन्हाळ्यानं माझ्या कानात एवढं भरून ठेवलं होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मिलिंद माझ्याकडं बघत होता. क्लॅरिनेट चढत गेलं, धाप लागत गेली, आणि त्या उंच सुरावर जाऊन थांबलं.

मास्तरांनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं. डोळे मिटले. बोटानं गुडघ्यावर ताल धरला आणि एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, एकदा समोर मान हलवली, जिथं एकेकजण उभा राहत असेल तिथं. ते ऐकत होते. मी कान टवकारून बसले, जेवढं बसता येईल तेवढं. मला काही ऐकू येत नव्हतं. पंखा, बाहेर कुठं तरी भांडं पडलेलं, आणि गुडघ्यावरचं बोट. हे फार वेळ चाललं. शेवटाजवळ त्यांनी क्लॅरिनेट उचललं, एकच लांब सूर वाजवला, आणि थांबले.

"आलं का ऐकू?" त्यांनी विचारलं.

वर्गात आयुष्यभर पोरांना शाबासकी देत आले, खोटं बोलायची सवय आहे मला. पण त्या वेळी ते तोंडातून निघेना. मी नाही म्हणाले.

मास्तरांनी मान हलवली, रागावले नाहीत. धोतराच्या टोकानं क्लॅरिनेटचं तोंड पुसलं आणि तुकडे सुटे करायला लागले.

"मलेबी आता अर्धंच ऐकू येते," ते म्हणाले.